तीस हजारांची कॉफी: व्हिएतनाममधला बाजार आणि हिशेब

व्हिएतनाममध्ये फुटपाथवरच्या कॉफीचा भाव विचारला की उत्तर येतं, "बा म्युओई", म्हणजे तीस. हे तीस म्हणजे तीस हजार डोंग. बोलताना तिथे हजार कोणी उच्चारत नाही. मेनूवर नुसतं ३० किंवा '३० के' लिहिलेलं असतं आणि पाटीवर ३०.०००. हजारांनंतर तिथे स्वल्पविरामाऐवजी टिंब देतात. आपल्या डोळ्यांना तो दशांश वाटतो आणि तीस डोंगांत कॉफी मिळतेय असं समजून माणूस सुट्ट्या नोटा शोधत बसतो. समोरची बाई हसते, आपणही हसतो, आणि बहुतेकांचा व्हिएतनाममधला पहिला व्यवहार असाच पार पडतो.

हिशेब सोपा आहे. गेल्या काही वर्षांत एका रुपयाला साधारण ३०० डोंग मिळत आले आहेत. दर थोडा वरखाली होतो, पण बाजारात उभं राहून गणित करायला ३०० धरावेत. म्हणजे तीस हजार डोंगांचे शंभर रुपये झाले. हा एकच आकडा पाठ करा: तीस म्हणजे शंभर. नव्वद सांगितले तर तीनशे रुपये, दीडशे सांगितले तर पाचशे. मराठी माणसाची इथे आणखी एक सोय आहे, कारण आपल्याकडे लाख आहे. व्हिएतनामी लोक हजारानंतर थेट दहा लाखांच्या एककात मोजतात, त्याला 'च्युऊ' म्हणतात. आपण मात्र मनात लाखातच मोजावं: एक लाख डोंग म्हणजे सव्वातीनशे-साडेतीनशे रुपये, एक च्युऊ म्हणजे सव्वातीन ते साडेतीन हजार. परदेशी पर्यटक शून्यं मोजत बसतात तेव्हा आपलं गणित झालेलं असतं.

'झ्युओई' म्हणजे अर्धा, तोही कानावर असू द्या. 'हाय चाम झ्युओई' म्हणजे अडीचशे, अर्थात अडीच लाख डोंग. दक्षिणेत त्याचा उच्चार थोडा वेगळा, 'र'कडे झुकलेला येतो. आकडे इंग्रजीत सांगितले तर आणखी जपायचं. व्हिएतनामी बोलण्यात शब्दाच्या शेवटची व्यंजनं हलकी पडतात, त्यामुळे फिफ्टीन आणि फिफ्टी कानाला जवळजवळ सारखेच लागतात. सायकलरिक्षावाल्याने पंधरा म्हटलं की पन्नास, यावरून झालेले बहुतेक वाद इथूनच निघतात आणि पुष्कळदा दोघेही प्रामाणिक असतात. म्हणून आकडा कॅल्क्युलेटरवर किंवा कागदावर घ्यावा. प्रत्येक दुकानदाराकडे मोठ्या बटणांचा कॅल्क्युलेटर असतोच आणि तो स्वतःहून पुढे करतो.

आता नोटा. १०,००० पासून ५,००,००० पर्यंतच्या नोटा प्लॅस्टिकच्या, म्हणजे पॉलिमरच्या आहेत. १,०००, २,००० आणि ५,००० च्या जुन्या धर्तीच्या, कागदासारख्या. सगळ्यांवर पुढच्या बाजूला त्यांचे राष्ट्रनेते हो ची मिन्हच आहेत, त्यामुळे चेहऱ्यावरून नोट ओळखता येत नाही. रंग आणि मागचं चित्र पाहायचं. सगळ्यात घातक जोडी निळ्यांची: २० हजारांची नोट निळी आणि ५ लाखांचीही निळसर. एकीची किंमत सत्तरेक रुपये, दुसरीची सोळाशे-सतराशे. रात्रीच्या टॅक्सीत, पिवळ्या दिव्याखाली ही अदलाबदल हमखास होते. ५ लाखांची नोट १५२ मिलिमीटर लांब, २० हजारांची १३६. रुंदी सारखीच, त्यामुळे एकेकटी हातात घेतली तर फरक कळत नाही, एकमेकींवर ठेवल्या तर लगेच कळतो. मागचं चित्र जास्त भरवशाचं. २० हजारांवर होई आन गावातला छत असलेला जपानी पूल आहे, ५ लाखांवर हो ची मिन्ह यांचं किम लिएन गावातलं गवताने शाकारलेलं घर. १ लाख हिरवी, तिच्यावर हनोईचं साहित्य मंदिर. २ लाख तांबूस, तिच्यावर हा लाँग उपसागरातला खडक. ५० हजार गुलाबी, तिच्यावर हुए शहर. १० हजार पिवळट, तिच्यावर समुद्रातली तेलविहीर.

यावर उपाय एकच, आणि तो घरून निघण्यापूर्वी ठरवून ठेवावा: ५ लाखांच्या आणि २ लाखांच्या नोटा वेगळ्या कप्प्यात, १ लाख आणि त्याखालच्या वेगळ्या. टॅक्सीवाल्याला किंवा भाजीवालीला पैसे देताना फक्त दुसरा कप्पा उघडायचा. नोट देताना तिचा आकडा मोठ्याने म्हणायचा. म्हटलेला आकडा दोघांनी ऐकला की "तुम्ही वीसच दिले" ही तक्रार निघत नाही. आणखी एक: कोऱ्या पॉलिमर नोटा एकमेकींना चिकटतात. दोन नोटा एक समजून जातात. प्रत्येक नोट अंगठ्याने चोळून, कोपरा वाकवून मोजावी. बाजारातल्या बायका चुकून आलेली जादा नोट बरेचदा लगेच परत करतात, वर "नीट मोज" असं हातवाऱ्यांनी दटावतातही. त्या दटावणीत मोठी माया असते.

नाणी मात्र विसरा. २००३ साली सरकारने नाणी काढली होती, पण लोकांनी ती खिशात बाळगायला नकार दिला आणि ती व्यवहारातून गेली. त्यामुळे अगदी लहान रकमांची सुटी परत देणं अवघड होतं आणि काही दुकानांत पाचशे डोंगांऐवजी गल्ल्याजवळच्या बरणीतली गोळी हातावर ठेवतात. पाचशे डोंग म्हणजे दीड-पावणेदोन रुपये. गोळी घ्यावी आणि पुढे व्हावं.

पैसे न्यायचे कसे? रुपये तिथे जवळजवळ कोणी घेत नाही आणि यूपीआयच्या भरवशावर जाऊ नये. चहाच्या टपरीवरसुद्धा क्यूआर कोड लावलेला दिसतो, पण तो व्हिएतनामी बँक खात्यांसाठी असतो. डॉलर न्यावेत, तेही शंभराच्या कोऱ्या नोटा. घडी पडलेली, शाईचा ठिपका असलेली किंवा कोपरा फाटलेली नोट परत केली जाते किंवा दर कमी मिळतो. लहान नोटांनाही दर कमीच असतो. भारतातून निघताना परकीय चलनाच्या नोटा प्रत्येक प्रवासाला ३,००० डॉलरपर्यंतच मिळतात, बाकी कार्डावर. व्हिएतनाममध्ये शिरताना ५,००० डॉलरपेक्षा किंवा दीड कोटी डोंगांपेक्षा जास्त रोकड असेल तर कस्टममध्ये जाहीर करावी लागते. दीड कोटी ऐकून घाबरू नका, ते पन्नास हजार रुपये आहेत.

डॉलर बदलायला सोन्याच्या दुकानात जा, असा सल्ला सगळीकडे मिळतो. हनोईतला हा चुंग रस्ता त्यासाठीच ओळखला जातो आणि दर खरोखर चांगला मिळतो. पण परवाना नसलेल्या ठिकाणी चलन बदलणं बेकायदा आहे. २०१८ साली कान थो शहरात एका इलेक्ट्रिशियनने शंभर डॉलरची एक नोट सोन्याच्या दुकानात बदलली म्हणून त्याला ९ कोटी डोंगांचा दंड झाला होता. देशभर त्यावर चर्चा झाली, त्याचा दंड पुढे माफ झाला आणि २०१९ मध्ये छोट्या रकमांसाठीचे नियम सौम्य केले गेले. तरीही परवानाधारक काउंटर किंवा बँकच बरी. बँकेत पासपोर्ट दाखवावा लागतो.

एटीएमवर दोन गोष्टी अडतात. पहिली, भारतातली कार्डं परदेशी व्यवहारांसाठी सुरुवातीला बंद असतात. निघण्यापूर्वी बँकेच्या अ‍ॅपमध्ये आंतरराष्ट्रीय वापर चालू करून मर्यादा टाकून ठेवावी. दुसरी, यंत्र विचारतं की रक्कम रुपयांत कापू की डोंगांत. डोंगच निवडायचं, रुपये निवडले की यंत्र स्वतःचा महाग दर लावतं. एका वेळी बहुतेक यंत्रं वीस ते पन्नास लाख डोंगांपर्यंतच देतात आणि प्रत्येक वेळी शुल्क घेतात, म्हणून थोडे थोडे काढणं महागात पडतं.

आता माणसांकडे वळू, कारण खरी मजा तिथेच आहे. व्हिएतनामी माणूस समोरच्याला वयानुसार नात्याने हाक मारतो, अगदी आपल्यासारखंच. थोडी मोठी बाई असेल तर 'ची ओई', ताई. आईच्या वयाची असेल तर 'को ओई', मावशी. आपल्याहून थोडा मोठा पुरुष 'आन्ह ओई', दादा. लहान असेल तर 'एम ओई'. परदेशी माणूस "हॅलो" म्हणतो, तुम्ही "ची ओई, बाओ न्यू तिएन?" म्हणा, ताई, किती पैसे? भाव लगेच कमी होईल असं नाही, पण चेहरा बदलतो आणि शेजारच्या दुकानातल्या बायकाही गंमत बघायला येतात. यानंतर "कुठून आलात, लग्न झालंय का, मुलं किती" हे प्रश्न येतात. त्यांचा राग मानू नये. तुम्हाला कोणत्या नात्याने हाक मारायची हे ठरवायला त्यांना वय आणि घरची माहिती लागते.

घासाघीस कुठे करायची आणि कुठे नाही, हे मी ठामपणे सांगेन. खाण्यापिण्याच्या गाडीवर करू नये. सँडविचसारखा बान्ह मी २० ते ३५ हजार, फो, म्हणजे शेवयांचा रस्सा, ४० ते ७० हजार, फुटपाथवरचा बर्फाचा चहा पाच हजारांच्या आत-बाहेर. एवढ्या भावात सकाळी चारला उठून रस्सा उकळणाऱ्या बाईशी वाद घालणं बरं दिसत नाही. भाव आधी विचारावा, पटला तर बसावं. कपडे, बॅगा, शोभेच्या वस्तू, लॅकरच्या रोगणाच्या वस्तू यांत मात्र घासाघीस अपेक्षितच असते. हो ची मिन्ह शहरातल्या बेन थान्ह बाजारात किंवा हनोईच्या दोंग शुआनमध्ये पहिला आकडा दुप्पट असू शकतो. तिथेही काही गाळ्यांवर ठरलेल्या भावाची पाटी असते, ती पाळावी.

पद्धत अशी. वस्तू हातात घेऊन भाव विचारायचा. समजा तीनशे सांगितले. लगेच उत्तर द्यायचं नाही. "दात क्वा" म्हणायचं, फार महाग. दक्षिणेत त्यालाच "माक क्वा" म्हणतात, आणि सायगावात, म्हणजे हो ची मिन्ह शहरात, दक्षिणी शब्द वापरलात तर विक्रेती जोरात हसते. ती कॅल्क्युलेटर पुढे करते. तुम्ही १५० टाकता. ती कपाळाला हात लावून "चोई ओई!" म्हणते, म्हणजे अरे देवा, आणि २६० टाकते. तुम्ही १७०. ती शेजारणीला साक्षीला बोलावते. शेवट १८० ते २०० च्या मध्ये होतो. दोन वस्तू घेतल्या तर आणखी सुटतात, म्हणून सौदा एका वस्तूवर संपवण्याआधीच दुसरी पुढे करावी. चालायला लागल्यावर मागून हाक आली, तर तुमचा आकडा खऱ्या भावाच्या वर होता. हाक आली नाही, तर खाली होता. मग दुसऱ्या गाळ्यावर दहा-वीस वाढवून विचारावं. एक नियम मोडू नये: तुम्ही सांगितलेला आकडा तिने मान्य केला, तर वस्तू घ्यायचीच. त्यानंतर मागे फिरणं तिथे फार वाईट समजलं जातं.

याहून महत्त्वाची गोष्ट सकाळची. आपल्याकडे भवानीला जेवढा मान, तेवढाच तिथे पहिल्या विक्रीला आहे. पहिलं गिऱ्हाईक दिवसाचं नशीब ठरवतं, अशी समजूत. सकाळी दुकान उघडताना जाऊन दहा वस्तू उलगडायला लावल्या, भाव पाडला आणि काही न घेता निघालात, तर काही विक्रेत्या कागद पेटवून त्याचा धूर मालावरून फिरवतात, अपशकुन घालवायला. पर्यटकाला ते बघून धक्का बसतो. त्यामुळे नुसतंच बघायचं असेल तर दहा-अकरानंतर जावं. आणि खरोखर घ्यायचं ठरलं असेल तर उलट सकाळीच जावं, कारण भवानी व्हावी म्हणून भाव लवकर खाली येतो. पैसे मिळाल्यावर तीच नोट बाकीच्या मालावरून फिरवलेली दिसली, तर तुमचा पायगुण चांगला ठरला असं समजा.

मेकाँगच्या खोऱ्यात फळं घेताना एक सुखद घोळ होतो. तिथे 'चुक' म्हणजे दहा, पण जुन्या रिवाजात गावागणिक त्या दहात बारा, चौदा, सोळा फळंही येतात. मोजून जास्त आली म्हणून परत करायला निघू नका. फळं बहुतेक ठिकाणी किलोवर मिळतात, आणि सांगितलेला भाव किलोचा की पिशवीचा, हे आधी विचारून घ्यावं.

हनोईच्या जुन्या भागात खांद्यावर कावड घेतलेल्या फळवाल्या भेटतात. एखादी हसत हसत कावड तुमच्या खांद्यावर ठेवते, डोक्यावर शंकूच्या आकाराची टोपी चढवते, फोटो काढा म्हणते. फोटोनंतर अननसाच्या फोडींची पिशवी हातात येते आणि तिचा भाव नेहमीच्या कितीतरी पट असतो. फोटो हवा असेल तर आधी आकडा ठरवा, वीस-तीस हजार द्या आणि मनापासून हसा. दिवसभर ती कावड वाहणाऱ्या बाईला एवढे दिले तर काही बिघडत नाही. नको असेल तर हात जोडून "खोंग, काम ओन", नको, धन्यवाद, आणि थांबायचं नाही. बूट चिकटवणाऱ्यांच्या बाबतीत मात्र कडक राहा. ते वाकून तुमच्या चपलेला न विचारताच सोल्यूशन लावायला लागतात आणि मग लाख-दोन लाख मागतात. पाय लगेच मागे घ्यावा. चप्पल त्यांच्या हातात गेली की बोलणी त्यांच्या बाजूने होतात.

रिक्षा आणि टॅक्सी. ग्रॅब हे गाडी बोलवायचं अ‍ॅप असेल तर भाव आधीच दिसतो आणि रोख देता येते, पण दुचाकीवाल्याकडे पाच लाखांची सुटी नसते, म्हणून लहान नोटा बाळगाव्या. अ‍ॅपशिवाय टॅक्सी घ्यायची तर माय लिन्ह आणि व्हिनासन ही जुनी नावं, पण मिळत्याजुळत्या रंगाच्या आणि नावाच्या गाड्याही उभ्या असतात, तेव्हा दारावरचं नाव पूर्ण वाचावं. मीटरवर शेवटची शून्यं नसतात: ४५.० म्हणजे पंचेचाळीस हजार. याचा अर्थ पंचेचाळीस डॉलर असं कोणी म्हणालं, तर हसून मीटरकडे बोट दाखवावं. तिथे भाव डोंगातच सांगायचा असा कायदा आहे. सायकलरिक्षा, म्हणजे सिक्लो, ठरवताना चार गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात: एकूण रक्कम डोंगात, किती माणसांची, किती वेळाची, आणि परत आणून सोडणार का. माणशी की दोघांचे मिळून, यावरूनच शेवटी वाजतं.

खानावळीत टेबलावर ठेवलेला थंड ओला रुमाल आणि शेंगदाण्यांची बशी फुकट नसते. पाकीट फोडलं तर दोन ते पाच हजार बिलात येतात. नको असेल तर न फोडता बाजूला सारावं, कोणी काही म्हणत नाही. समुद्रकाठच्या मासळीच्या हॉटेलांत मेनूवर भावाच्या जागी 'बाजारभाव' असं लिहिलेलं असतं. तिथे खेकडा किंवा कोळंबी तुमच्यासमोर वजन करायला सांगा, जाळीतलं पाणी निथळल्यावर, आणि किलोचा भाव लिहून घ्या. मोठ्या हॉटेलांत भावापुढे दोन अधिकची चिन्हं दिसली, तर सेवाशुल्क आणि कर वेगळे लागणार. टिप देण्याची सक्ती कुठेच नाही. बिल मागायला दक्षिणेत "एम ओई, तिन्ह तिएन" म्हणायचं, हवेत सही करण्याची खूण केली तरी समजतं. शाकाहारी मंडळींना 'चाय' (म्हणजे शाकाहारी, चहा नव्हे) लिहिलेल्या खानावळी शोधाव्या लागतात. चांद्रमासाच्या पहिल्या तारखेला आणि पौर्णिमेला पुष्कळ व्हिएतनामी लोक मांसाहार टाळतात, त्या दिवशी तिथे गर्दी आणि जास्त पदार्थ मिळतात.

दक्षिणेत कॉफीच्या टेबलाशी लॉटरीची तिकिटं विकणाऱ्या आज्या येतात. तिकीट दहा हजारांचं, म्हणजे तेहेतीसेक रुपये, सोडत त्याच दिवशी दुपारी चारच्या सुमारास, आणि सर्वात मोठं बक्षीस दोनशे कोटी डोंग, आपल्या हिशेबाने सहासष्ट-सदुसष्ट लाख रुपये. इथे भावाची घासाघीस नसतेच, फक्त आकडा निवडायचा. टेबलाभोवतीची सगळी मंडळी कोणता आकडा घ्यावा याचे सल्ले देतात. दहा हजारांत एवढ्या लोकांशी बोलणं होतं म्हणून एकदा तरी घ्यावं, असं माझं मत.

टेटला, म्हणजे त्यांच्या नववर्षाला, जात असाल तर कोऱ्या नोटा आणि लाल पाकिटं जवळ ठेवा. घरी बोलावलं तर मुलांना पाकीट द्यायचं असतं. वीस किंवा पन्नास हजार पुरतात, नोट मात्र कोरी हवी. दोन डॉलरची अमेरिकन नोट तिथे शुभ मानतात आणि टेटच्या आधी तिचा भाव दोन डॉलरच्या वर जातो. भारतातल्या चलनवाल्याकडे ती मिळाली तर जरूर घेऊन जा.

परतीच्या आदल्या दिवशी उरलेले डोंग मोजा. भारतात ते बदलून मिळणं अवघड. विमानतळापर्यंतच्या टॅक्सीचे चारेक लाख बाजूला ठेवा. मोठ्या नोटा विमानतळावरच्या बँकेच्या काउंटरवर डॉलरमध्ये बदलता येतात. पासपोर्ट आणि बोर्डिंग पास हाताशी ठेवा आणि हे काम सुरक्षा तपासणीच्या आधीच उरका. हजार-दोन हजारांच्या नोटा काउंटरवर देऊन काही हाती येत नाही, त्या शहरातच बर्फाच्या चहावर आणि बान्ह मीवर संपवाव्यात.